महारोहिणी फाटली तर : औषध की ऑपरेशन?

"डॉक्टर, ऑपरेशन टाळता येणार नाही का? नुसत्या औषधांवर भागलं तर बघा ना!"

इस्पितळाच्या तातडीच्या विभागाबाहेर हा प्रश्न रोज विचारला जातो. पित्ताशयातले खडे, हर्निया, मणक्याची सरकलेली चकती अशा बऱ्याच दुखण्यांत तो रास्तही असतो. तेथे विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला, गावाकडच्या वडीलधाऱ्यांना फोन करायला सवड असते. पण एक आजार असा आहे, की त्यात सवड तासांत मोजावी लागते. शिवाय औषध की ऑपरेशन, याचे उत्तर तेथे रुग्णाच्या हिमतीवर किंवा नातेवाइकांच्या इच्छेवर फारसे अवलंबून नसते. ते अवलंबून असते शरीरातल्या एका जागेवर. हा आजार म्हणजे महारोहिणीच्या भिंतीला आतून अचानक जाणारी चीर.

दिल्लीतल्या मुनिरकेचे उदाहरण घ्या. एकीकडे जुने गाव, त्याच्या अरुंद गल्ल्या आणि विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या भाड्याच्या इमारती. दुसरीकडे डीडीएचे फ्लॅट, आणि हाकेच्या अंतरावर रामकृष्णपुरमची सरकारी वसाहत. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून आलेली आणि निवृत्तीनंतर दिल्लीतच रमलेली कुटुंबे अशा वस्त्यांतून भेटतात. समजा, अशाच एका घरातले बासष्ट वर्षांचे गृहस्थ जानेवारीतल्या धुक्याच्या पहाटे दूध आणायला जिना उतरत आहेत. रक्तदाबाची गोळी त्यांनी दोन महिन्यांपूर्वी 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद केली आहे. एकाएकी खांद्याच्या दोन फऱ्यांमध्ये कुणी सुरा खुपसावा तशी कळ येते. घाम फुटतो. पत्नी विचारते, "अहो, काय होतंय?" तोवर कळ पाठीतून खाली कमरेकडे सरकलेली असते.

शेजारचे शर्माजी म्हणतात, गॅस असेल, ओवा द्या. वरच्या मजल्यावरचा तरुण म्हणतो, हार्ट अ‍ॅटॅक आहे, अ‍ॅस्पिरिन चघळायला लावा. दोघांचाही हेतू चांगला असतो. हार्ट अ‍ॅटॅकची शंका तर मुळीच चुकीची नाही, कारण तो या आजाराच्या कितीतरी पटीने जास्त आढळतो. घोटाळा नेमका तेथेच होतो.

कोटाचे अस्तर

हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महारोहिणी. डॉक्टर तिला एओर्टा म्हणतात. हृदयातून ती प्रथम वर चढते, गळ्याखाली काठीच्या मुठीसारखी वळते आणि मग कण्याला लागून छातीतून पोटात उतरते. मेंदू, हात, मूत्रपिंडे, आतडी, पाय या सर्वांना जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचे फाटे तिलाच फुटतात. तिची भिंत तीन थरांची असते. वर्षानुवर्षांच्या वाढलेल्या रक्तदाबाने, किंवा काही घराण्यांत जन्मतःच, तिचा मधला थर कमकुवत होतो. एक दिवस आतल्या थराला चीर जाते आणि प्रत्येक ठोक्यासरशी रक्त त्या चिरेतून थरांच्या मध्ये घुसू लागते. कोटाच्या फाटलेल्या अस्तरात हात शिरला, की तो बाहीकडे न जाता अस्तर आणखी उसवत जातो, तसाच हा प्रकार.

हे रक्त पुढे कुठे जाईल यावर सारे चित्र अवलंबून असते. ते मागे हृदयाकडे सरकले, तर हृदयाची झडप निकामी होऊ शकते किंवा हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचून हृदय आवळले जाते. मानेतल्या फाट्याचे तोंड दाबले गेले, तर पक्षाघात होतो. पोटातल्या फाट्याचे दाबले गेले, तर आतडे किंवा मूत्रपिंड उपाशी पडते. म्हणूनच हा आजार कधी अर्धांगवायूच्या, कधी पोटदुखीच्या, कधी पाय गार पडल्याच्या वेषात येतो.

इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज 25 ऑक्टोबर 1760 रोजी सकाळी शौचाला गेला असताना कोसळला. राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा हृदयाभोवती रक्त साचलेले आणि महारोहिणीला चीर गेलेली आढळली. या आजाराचे हे सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक वर्णन. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे डॉक्टरांच्या हाती वर्णन करण्यापलीकडे काही नव्हते.

चीर वर की खाली?

आज डॉक्टर सर्वप्रथम विचारतात ते एवढेच : हृदयातून वर चढणाऱ्या भागात चीर शिरली आहे का? शिरली असेल तर तो 'ए' प्रकार. तो भाग शाबूत असून केवळ खाली उतरणाऱ्या भागात असेल तर 'बी' प्रकार. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शल्यविशारदांनी 1970 साली ही सुटसुटीत विभागणी सुचवली आणि ती टिकली. 'ए' असेल तर ऑपरेशन, तेही ताबडतोब. 'बी' असेल आणि कोणत्याही अवयवाचा रक्तपुरवठा तुटलेला नसेल, तर औषधे.

हा नियम कुणाच्या लहरीतून आलेला नाही. या आजाराच्या रुग्णांची एक आंतरराष्ट्रीय नोंदवही 1996 पासून ठेवली जाते. तिच्यातल्या पहिल्या 464 रुग्णांचा हिशेब 2000 साली प्रसिद्ध झाला. 'ए' प्रकारात ऑपरेशन केलेल्यांपैकी 26 टक्के रुग्ण इस्पितळात दगावले, तर केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी 58 टक्के. 'बी' प्रकारात पारडे उलटे होते : औषधांवर सुमारे 11 टक्के, ऑपरेशननंतर 31 टक्के. अर्थात 'ए'मधल्या औषधवाल्यांत ऑपरेशन झेपणारच नाही असे बरेच वृद्ध होते आणि 'बी'मधल्या ऑपरेशनवाल्यांची प्रकृती आधीच गुंतागुंतीची होती. तेव्हा हे आकडे तराजूने तोलावेत असे नाहीत. पण कल स्पष्ट आहे. त्याच नोंदवहीवरून 2022 साली निघालेल्या हिशेबातही 'ए' प्रकारात पहिल्या 48 तासांत औषधांवर ठेवलेल्यांपैकी जवळजवळ 24 टक्के दगावले, ऑपरेशन झालेल्यांपैकी 4 टक्क्यांच्या आसपास. औषधांवरच्या रुग्णांत दर तासाला साधारण अर्धा टक्का, असा तो भाव पडतो. साताऱ्याहून मोठे दीर येईपर्यंत थांबू, या वाक्याची किंमत त्यावरून कळावी.

सर्पगंधा आणि शिलाईयंत्र

औषध म्हणजे दुय्यम, नाइलाजाचा उपाय, अशी समजूत घरोघरी असते. या आजारात ती खोटी ठरते. येथे औषधांचा जन्म कसा झाला ती हकीकत मोठी गमतीची आहे आणि तिचे एक टोक मुंबईत आहे.

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडच्या जुन्या वनस्पतीचा रक्तदाबाच्या रुग्णांवरचा अनुभव 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. डॉ. वकील यांना 1957 साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान अमेरिकेतल्या टर्की पाळणाऱ्यांची एक वेगळीच अडचण होती. त्यांचे धष्टपुष्ट पक्षी महारोहिणी फुटून पटापट मरत. खाद्यातून थोडे रेसर्पिन दिले की हे मरण कमी होई. फ्लोरिडातील डॉ. मायरन व्हीट यांनी 1965 साली माणसांतही हीच वाट चोखाळली. चीर गेलेल्या महारोहिणीवर ऑपरेशन न करता रेसर्पिन आणि इतर औषधे देऊन त्यांनी रुग्ण वाचवले. त्यांचे म्हणणे असे, की केवळ रक्तदाबच नव्हे, तर प्रत्येक ठोक्याचा तडाखा चीर पुढे नेतो. तो तडाखाच सौम्य करा.

विचार तोच राहिला, औषधे बदलली. आज इस्मोलॉल, लॅबेटॅलॉल यांसारखी औषधे शिरेतून देऊन नाडी मिनिटाला साठच्या खाली आणि वरचा रक्तदाब 100 ते 120 च्या दरम्यान आणतात. आधी नाडी आवरायची आणि मगच रक्तवाहिन्या सैल करणारे औषध द्यायचे, हा क्रम महत्त्वाचा आहे. तो उलटला तर हृदय अधिक जोराने धावू लागते. वेदना शमवायला मॉर्फीनही देतात, कारण वेदनेनेच रक्तदाब चढतो. हे सारे अतिदक्षता विभागातले काम आहे. सर्पगंधाचा काढा घरी उकळून भागेल, असा अर्थ मात्र कुणी काढू नये.

शिवाय ही औषधे 'ए' प्रकारातही सुरू करतातच, निदान होताक्षणी, ऑपरेशनची तयारी चालू असतानाच.

ऑपरेशनची कथा ह्यूस्टनच्या डॉ. मायकेल डीबेकी यांच्यापासून सुरू होते. या आजारावरच्या ऑपरेशनांचा अनुभव त्यांनी सहकाऱ्यांसह 1955 साली प्रसिद्ध केला. फाटलेला भाग काढून तेथे बसवायला कृत्रिम नळी हवी होती. डीबेकी एका दुकानात नायलॉनचे कापड घ्यायला गेले. नायलॉन संपले होते, म्हणून डेक्रॉन घेऊन आले आणि घरच्या शिलाईयंत्रावर त्यांनी स्वतः नळ्या शिवल्या. शिवणकाम त्यांना लहानपणी आईने शिकवले होते. डेक्रॉन म्हणजे आपल्याकडे ज्याचे शर्ट टेरिलीन म्हणून मिरवले जात, तेच पॉलिएस्टर. आजही महारोहिणीच्या जागी बसते ती बहुधा त्याच धाग्याची नळी.

हे ऑपरेशन मोठे असते, हे लपवण्यात अर्थ नाही. छातीचे हाड मधोमध उघडतात, रक्ताभिसरण यंत्राकडे सोपवतात, शरीर खूप थंड करतात आणि काही वेळ रक्तप्रवाह जवळजवळ थांबवून नळी जोडतात. गरजेप्रमाणे झडपही बदलतात. अनुभवी हातांत बहुतेक रुग्ण यातून उठतात, पण पक्षाघात, मूत्रपिंडे थकणे, रक्तस्राव हे धोके खरे आहेत.

डॉक्टरच रुग्ण होतात तेव्हा

औषध की ऑपरेशन, या पेचाची सर्वांत बोलकी हकीकत खुद्द डीबेकींचीच आहे. 31 डिसेंबर 2005. सत्त्याण्णव वर्षांचे डीबेकी घरी एकटेच व्याख्यानाची तयारी करत बसले होते. छातीत आणि खांद्यांच्या मध्ये तीव्र कळ आली आणि मानेत चढली. काय झाले असावे हे त्यांना लगेच उमगले. आयुष्यभर याच आजारावर त्यांनी ऑपरेशने केली होती. आणि तरीही त्यांनी मदतीला कुणाला बोलावले नाही. पत्नी आणि मुलगी घरी आल्या, तेव्हा स्नायू दुखावला असेल म्हणून त्यांनी वेळ मारून नेली! तपासणीत चीर वर चढणाऱ्या भागातच निघाली. म्हणजे त्यांच्याच शिकवणीप्रमाणे ऑपरेशन हवे. पण या वयात त्यातून उठू की पंगू होऊन पडू, ही धास्ती त्यांना होती. त्यांनी औषधांवर राहायचे ठरवले आणि इस्पितळात जायचेही कित्येक दिवस टाळले.

जानेवारी संपता संपता प्रकृती ढासळली. फेब्रुवारीत शुद्ध हरपली. महारोहिणी फुगत चालली होती. ऑपरेशन नको, अशी नोंद त्यांच्या कागदावर होती, त्यामुळे इस्पितळातल्या भूलतज्ज्ञांनी हात आखडता घेतला. रात्री नीतिसमितीची बैठक बसली. चर्चा लांबली तेव्हा पत्नी कॅट्रिन तडक बैठकीत शिरल्या आणि आता आणखी वेळ घालवू नका, असे त्यांनी ठणकावले. डीबेकींचे जुने सहकारी डॉ. जॉर्ज नून यांनी सुमारे सात तास ऑपरेशन केले. पुढचे कित्येक महिने श्वासाचे यंत्र, डायलिसिस, हळूहळू चालायला शिकणे असे गेले. पण डीबेकी घरी परतले, पुन्हा काम करू लागले आणि ऑपरेशन केले हे बरेच झाले, असे त्यांनी नंतर सांगितले. 11 जुलै 2008 रोजी, शंभरीला दोन महिने उरले असताना, त्यांचे निधन झाले.

कॅट्रिनबाईंनी केले ते बरोबर होते का, यावर डॉक्टरमंडळींत वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा. शुद्धीवर असताना दिलेला नकार बायकोने मोडावा का? निकाल चांगला लागला म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. एवढे मात्र खरे, की घरच्यांना खरी निवड करावी लागते ती अशाच वेळी : रुग्ण अतिवृद्ध असेल, दीर्घ बेशुद्धीत असेल, मोठा पक्षाघात होऊन गेला असेल किंवा आधीच दुसऱ्या असाध्य रोगाने खंगलेला असेल. तेव्हा 'ए' प्रकार असूनही औषधे देऊन वेदना शमवणे हा निर्णय माणुसकीचा असू शकतो. पण बासष्ट वर्षांच्या, कालपर्यंत चालत्याफिरत्या माणसाला छाती उघडण्याच्या नुसत्या भीतीने औषधांवर ठेवणे, ही निवड नव्हे.

उलट बाजूही सांगायला हवी. 'बी' प्रकारात काही नातेवाईक "पैसे खर्च होऊ देत, पण ऑपरेशन कराच" म्हणून हट्ट धरतात. तेथे औषधे सुरू करून लक्ष ठेवणारा डॉक्टर टाळाटाळ करत नसतो. कळ थांबत नसेल, रक्तदाब आवरत नसेल, पाय किंवा आतडे रक्तावाचून पडले असेल किंवा रक्तवाहिनी फुटण्याच्या बेतात असेल, तर मात्र वाट पाहत नाहीत. अशा वेळी आता बहुधा छाती न उघडता जांघेतल्या रक्तवाहिनीतून जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट ग्राफ्ट, नेऊन चिरेचे तोंड आतून बंद करतात. या आजारात तिच्या वापराचे अनुभव 1999 साली प्रसिद्ध झाले. गुंतागुंत नसलेल्या 'बी' रुग्णांतही ती बसवावी का? युरोपात 140 रुग्णांची पाहणी झाली. दोन वर्षांपर्यंत नळीचा जीव वाचवण्यात फायदा दिसला नाही. पाच वर्षांच्या हिशेबात महारोहिणीमुळे होणारे मृत्यू नळीवाल्यांत सुमारे 7 टक्के, केवळ औषधवाल्यांत 19 टक्के आढळले. म्हणून पहिला धोका टळल्यावर, सवडीने, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. तेथे दुसरे मत घ्यायलाही हरकत नाही.

दारातून निघताना

मुनिरकेहून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि तिच्यासमोरचे सफदरजंग रुग्णालय पाचसहा किलोमीटरांवर आहेत. हे भाग्य सगळ्यांचे नसते. पण कुठेही राहत असलात, तरी सीटी स्कॅन, हृदयाचे सर्जन आणि अतिदक्षता विभाग ही तिन्ही जेथे चोवीस तास आहेत असे जवळचे इस्पितळ कोणते, हे घरात ज्येष्ठ आणि रक्तदाबाचा रुग्ण असताना आधीच माहीत करून ठेवावे. सीजीएचएसचे कार्ड किंवा विम्याचे कागद कपाटात शोधण्यात अर्धा तास जाऊ नये. रुग्णाला जिना उतरायला लावू नये, स्कूटरवर बसवू नये. 112 किंवा 102 वर रुग्णवाहिका मागवावी.

डॉक्टरांना "छातीत दुखतंय" एवढेच सांगून थांबू नये. कळ एका क्षणात पराकोटीची झाली का, पाठीत गेली का, जागा बदलली का, चक्कर आली का, एखाद्या हातापायात मुंग्या आल्या का, हे सांगावे. घराण्यात कुणी असे अकस्मात गेले असेल, तर तेही सांगावे. ईसीजी पाहून हार्ट अ‍ॅटॅकचे निदान होत असेल आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे ठरत असेल, तर "महारोहिणीला चीर तर नाही ना?" असे नम्रपणे विचारायला संकोच नको. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये जे इंजेक्शन जीव वाचवते, तेच येथे जीव घेऊ शकते. दोन्ही हातांतला रक्तदाब पाहिला का, हेही विचारता येईल. मात्र दोन्हीकडे सारखा आला म्हणून निश्चिंत होऊ नये. वर सांगितलेल्या 464 रुग्णांत नाडीतला फरक जेमतेम 15 टक्क्यांत सापडला होता आणि 31 टक्क्यांचा ईसीजी चक्क सर्वसाधारण होता. शंका सीटी अँजिओग्राफीनेच फिटते.

नंतरचे पथ्य ऑपरेशनवाल्यांना आणि औषधवाल्यांना सारखेच, आणि ते जन्मभराचे. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून सोडायची नाही. जड वजन उचलायचे नाही, गॅसचे सिलिंडर तर नाहीच. बद्धकोष्ठ होऊ द्यायचे नाही. शौचाला कुंथल्याने रक्तदाब एकदम चढतो. तंबाखू आणि सिगारेट बंद. थंडीत पहाटेचे फिरणे ऊन पडेपर्यंत पुढे ढकलावे, कारण थंडीच्या दिवसांत आणि सकाळच्या वेळी हा आजार अधिक आढळतो. पहिल्या वर्षी काही वेळा आणि मग दरवर्षी स्कॅन करून महारोहिणी फुगत नाही ना, हे पाहतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली प्रतिजैविके आपल्याकडे जुलाबापासून लघवीच्या जळजळीपर्यंत सर्रास दिली जातात. अशा रुग्णांना दुसरा पर्याय असेल तर ती देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2018 मध्ये दिला आहे. औषधाच्या दुकानातून परस्पर पट्टी आणण्याआधी डॉक्टरांना आपला आजार सांगावा.

आणि मुले, भावंडे? त्यांनीही एकदा हृदयाची इको तपासणी करून घ्यावी. कमकुवत भिंत काही घराण्यांत वारशाने येते. मुलगा नात्यातल्या सगळ्यांपेक्षा फार उंच, सडसडीत, लांबसडक बोटांचा असेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये. मुलीला दिवस राहण्याआधीच ती झालेली बरी, कारण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणानंतर लगेच या भिंतीवर अधिक ताण येतो.